चष्मा आणि आकाश : एका ऐकीव नियमाचा इतिहास

१/
लंडन, १९१७. अठरा वर्षांचा एक बंगाली तरुण रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये भरती होण्यासाठी अर्ज करतो. वैद्यकीय तपासणीत त्याची दृष्टी सदोष ठरते आणि अर्ज नामंजूर होतो. तो आपली मोटारसायकल विकतो, त्या पैशांत एका नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतो आणि पहिला निकाल फिरवून दाखवतो.
त्याचे नाव इंद्रलाल रॉय. आजचा थ्रेड दृष्टी, चष्मा आणि वैमानिक यांच्या नात्याविषयी.

२/
मोटारसायकलची गोष्ट रॉय यांच्या जवळपास प्रत्येक चरित्रलेखात येते. पुढचा भाग लष्करी नोंदींत आहे. जुलै १९१७ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट झाले. डिसेंबरमध्ये त्यांचे विमान कोसळले आणि ते गंभीर जखमी झाले. बरे होऊन ते ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले आणि जुलै १९१८ मधील अवघ्या दोन आठवड्यांत त्यांच्या नावावर दहा हवाई विजय जमा झाले. २२ जुलै रोजी फ्रान्सच्या आकाशात ते मारले गेले. तेव्हा त्यांचे वय एकोणीस होते. ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ त्यांना मरणोत्तर मिळाला.
ज्या डोळ्यांना पहिल्या तपासणीने नाकारले होते, त्याच डोळ्यांची ही कामगिरी.

३/
त्याच युद्धात आपल्या मुंबईचाही एक वैमानिक होता : श्रीकृष्ण वेलिंगकर. केंब्रिजमध्ये शिकलेला हा तरुण ‘सॉपविथ डॉल्फिन’ विमान उडवत असे. जून १९१८ च्या अखेरीस तो मरण पावला. फ्रान्समधील हांगार येथे त्याची समाधी आहे. मराठी मुलखात त्याचे नाव आज फारसे कुणाला ठाऊक नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहून ठेवतो.

४/
आता थोडे स्वतःविषयी. मी नवी मुंबईत वाढलो. सातवीत चष्मा लागला, तेव्हा घरी आलेल्या एका काकांनी निकाल देऊन टाकला : “आता पायलट व्हायचं विसर. चष्मेवाल्यांना घेत नाहीत.”
मी विसरलो. पुढे इतिहासाकडे वळलो, मूळ साधने वाचायला शिकलो, ऐकीव माहितीवर विसंबू नये हा धडा प्रत्येक वर्गात ऐकला. मात्र काकांच्या त्या वाक्याचे मूळ साधन कोणते, हे अकरा वर्षे मी तपासले नाही. ते तपासताना जे हाती लागले, तेच पुढे मांडतो.

५/
प्रथम मोजमाप. ‘६/६ नजर’ हा शब्दप्रयोग आपण सर्रास करतो. त्यामागे हेरमान स्नेलेन हा डच नेत्रवैद्य आहे. १८६२ मध्ये त्याने अक्षरांचा तक्ता प्रसिद्ध केला. वरचा आकडा म्हणजे तक्त्यापासूनचे अंतर, सहा मीटर. खालचा आकडा म्हणजे सर्वसामान्य डोळ्याला तेच अक्षर किती अंतरावरून ओळखता येते, ते अंतर. म्हणजे ६/१२ नजरेच्या माणसाला जे अक्षर वाचण्यासाठी सहा मीटरवर यावे लागते, ते इतरांना बारा मीटरवरून दिसते.
या तक्त्यामुळे दृष्टी ही आकड्यांत मांडता येणारी गोष्ट झाली. आकडा आला की पात्रतेची रेषा आखणे आलेच.

६/
दुसरी रेषा रंगांची आहे आणि तिचा उगम रेल्वेत आहे. नोव्हेंबर १८७५ मध्ये स्वीडनमधील लागेरलुंडा येथे दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली. फ्रितियोफ होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञाने रंगांधत्व हे या अपघाताचे संभाव्य कारण म्हणून मांडले आणि रंगीत लोकरीच्या लडी निवडायला लावणारी चाचणी रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी रूढ केली. अपघाताचे कारण खरोखर तेच होते का, यावर पुढे अभ्यासकांनी शंका घेतली. चाचणी मात्र टिकली.
१९१७ मध्ये जपानी लष्करातील नेत्रवैद्य शिनोबु इशिहारा याने ठिपक्यांत लपलेल्या आकड्यांचे तक्ते तयार केले. वैमानिकाच्या तपासणीत आजही तेच तक्ते समोर ठेवले जातात.

७/
विमानात रंग कशासाठी? विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो, उजव्या टोकाला हिरवा, शेपटीला पांढरा. रात्री समोर लाल व हिरवा दोन्ही दिसले, तर ते विमान आपल्याच दिशेने येत आहे. फक्त लाल दिसला, तर ते आपल्या उजवीकडून डावीकडे चालले आहे. रेडिओ बंद पडला तर नियंत्रण मनोरा दिव्याने बोलतो : स्थिर हिरवा म्हणजे उतरण्यास परवानगी, लुकलुकणारा लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित, उतरू नका.
लाल आणि हिरव्यातला फरक कळणे येथे जगण्यामरण्याचा प्रश्न असतो.

८/
पहिल्या महायुद्धानंतर नागरी विमाने आली आणि १९१९ च्या पॅरिस करारात वैमानिकांच्या वैद्यकीय अटी आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग झाल्या. भारतात १९३४ चा विमान कायदा आणि १९३७ चे विमान नियम हा पुढचा टप्पा. त्याआधीच, १९२८ मध्ये, जुहूचा विमानतळ आणि बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाले होते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. क्रमांक अर्थातच १.

९/
त्या काळचे उड्डाण म्हणजे निव्वळ नजरेचे काम होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटा ‘पस मॉथ’ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले, तेव्हा वाटेत रेडिओ नव्हता, दिशादर्शक यंत्रणा नव्हती. किनारा, नद्या, रूळ पाहत यायचे. जुहूची धावपट्टी म्हणजे खाजणातली सपाट जमीन. पावसाळ्यात ती भरतीच्या पाण्याखाली जाई आणि साराच बाडबिस्तरा पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर हलवावा लागे.

१०/
उघड्या कॉकपिटच्या विमानांत डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण पंख्याचा वारा आणि इंजिनाचे उडणारे तेल थेट चेहऱ्यावर येई. पुढे विमाने उंच जाऊ लागली आणि उन्हाची तिरीप हा नवा शत्रू झाला. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ‘बॉश अँड लाँब’ कंपनीने वैमानिकांसाठी हिरवट काचांचे चष्मे बनवले. आज बाजारात ‘एव्हिएटर’ म्हणून मिळणारी घडण तीच.
गंमत अशी की आजचे ध्रुवीकृत गॉगल, ज्यांना दुकानदार ‘पोलराइज्ड’ म्हणतो, कॉकपिटमध्ये अडचणीचे ठरतात. त्यांतून काही डिजिटल पडदे काळे दिसतात. साधी करडी काच अधिक विश्वासाची.

११/
आता या कथेतील सर्वांत विलक्षण वळण. ऑगस्ट १९४०, ब्रिटनची हवाई लढाई. गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या ‘हरिकेन’ विमानावर गोळ्या लागल्या. कॉकपिटचे पारदर्शक छत फुटले आणि त्याचे कण दोन्ही डोळ्यांत शिरले. त्या दिवशी घाईत त्याने गॉगल लावला नव्हता, असे सांगतात. एक डोळा गेला. दुसरा अनेक शस्त्रक्रियांनंतर वाचला.
हॅरल्ड रिडली या नेत्रशल्यविशारदाच्या लक्षात आले की, हे ॲक्रिलिकचे कण डोळ्यात राहूनही डोळा त्यांना विरोध करत नाही.

१२/
मग त्याच पदार्थाचे भिंग बनवून डोळ्यात बसवले तर? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रिडली यांनी ते करून पाहिले. मोतीबिंदू काढल्यावर कृत्रिम भिंग बसवण्याची ही सुरुवात. समव्यवसायिकांचा विरोध त्यांना दीर्घकाळ सोसावा लागला.
आज आपल्या आजीआजोबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते आणि दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्र वाचतात, त्या सोयीची मुळे एका वैमानिकाच्या फुटलेल्या कॉकपिटात आहेत. १९८७ मध्ये खुद्द क्लीव्हरच्या वाचलेल्या डोळ्यातही असे भिंग बसवले गेले.

१३/
त्याच युद्धाने आपल्या स्वयंपाकघरात आणखी एक समज पोहोचवला. जॉन कनिंगहॅम हा ब्रिटिश वैमानिक रात्रीच्या अंधारात शत्रूची विमाने पाडत असे. तो भरपूर गाजरे खातो म्हणून त्याला रात्री दिसते, असा प्रचार झाला. वास्तविक त्याच्या विमानात रडार होते आणि ते गुपित होते.
‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा येतो, हे खरे. मात्र गाजराने चष्म्याचा नंबर उतरत नाही. ही हकिकत आपल्या आईला सांगताना जपून सांगावी.

१४/
अमेरिकेचा वायली पोस्ट तर एकाक्ष होता. १९२६ मध्ये तेलविहिरीवरील अपघातात डावा डोळा गेला, त्याची जी भरपाई मिळाली तिच्यातून त्याने पहिले विमान घेतले. अंतराचा अंदाज बांधण्याचा त्याने कसून सराव केला. जुलै १९३३ मध्ये त्याने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली : सात दिवस, १८ तास, ४९ मिनिटे.
पोस्ट हा अपवाद आहे, नियम नव्हे. तथापि तो एक गोष्ट शिकवतो. आपल्या दृष्टीची मर्यादा नेमकी किती, हे ज्याला ठाऊक आहे तो तिच्यावर उपाय करतो.

१५/
आता मूळ साधनाकडे. वैमानिकांच्या वैद्यकीय निकषांचा आधार म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे पहिले परिशिष्ट. भारताचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय त्याच चौकटीत काम करते. व्यावसायिक वैमानिकाला पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी लागते, हौशी म्हणजे खासगी वैमानिकाला दुसऱ्या वर्गाची.
दुसऱ्या वर्गासाठी प्रत्येक डोळ्याची दूरदृष्टी किमान ६/१२ आणि दोन्ही डोळ्यांची मिळून ६/९. पहिल्या वर्गासाठी अनुक्रमे ६/९ आणि ६/६.
आणि त्यापुढे ते शब्द, जे वाचून मी खुर्चीत मागे टेकलो : चष्म्यासह किंवा चष्म्याविना.

१६/
म्हणजे काकांचे वाक्य साफ खोटे होते का? तसेही नाही. हवाई दलाच्या लढाऊ शाखेचे दृष्टीविषयक निकष पुष्कळ कठोर आहेत. आपल्याकडे दीर्घकाळ ‘वैमानिक’ म्हणजे हवाई दलाचाच अशी समजूत होती. एका सेवेचा नियम साऱ्या आकाशाचा नियम होऊन बसला आणि घराघरांतून पसरला. अफवा बहुधा अशीच जन्मते : एक खरे वाक्य, ज्याचा संदर्भ वाटेत गळून पडलेला असतो.

१७/
याच परिशिष्टातील एक बारीक अट मला फार आवडते. ज्याला चष्म्याची अट घातली आहे, त्याने उड्डाणाच्या वेळी दुसरा जादा चष्मा हाताशी ठेवलाच पाहिजे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यालाही हेच लागू. लेन्स एकाच नंबरची आणि बिनरंगी हवी.
जवळच्या नजरेचाही विचार आहे. चाळिशीनंतर नकाशा आणि समोरची उपकरणे धूसर होतात. वाचनाच्या चष्म्याला आपण ‘चाळिशी’ म्हणतो, ते उगाच नाही. १९८२ मध्ये टाटांनी ७८ व्या वर्षी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा केले होते. वय वाढते, डोळा बदलतो. म्हणूनच तपासणी एकदा होऊन संपत नाही.

१८/
६/६ नजर असूनही आकाश फसवते, हेही सांगायला हवे. हिवाळ्यात ठाणे खाडीवर धुरके साचले की पारसिकचा डोंगरही पुसट होतो. अशा रित्या, खुणाविरहित पोकळीत डोळ्याला रोखायला काहीच सापडत नाही आणि तो आपोआप जवळच्या, एकदोन मीटरच्या अंतरावर स्थिरावतो. मग दूरचे विमान समोर असूनही दिसत नाही. यावर उपाय म्हणून वैमानिकाला आकाशाचे लहान लहान तुकडे पाडून, प्रत्येकावर क्षणभर थांबत पाहायला शिकवतात.
अंधाराला डोळा सरावायला सुमारे अर्धा तास लागतो. एक प्रखर झोत तो सराव क्षणात घालवतो.

१९/
म्हणून चष्मा असणे हा दोष नव्हे. धोका असतो तो चष्मा लपवण्यात. तपासणीपूर्वी तक्ता पाठ करणारा उमेदवार तपासनिसाला फसवतो, धावपट्टीला फसवू शकत नाही. आणि जो ऐकीव वाक्यावर विश्वास ठेवून तपासणीलाच जात नाही, तो स्वतःला फसवतो. यांतला दुसरा मी होतो.
इंद्रलाल रॉय या दोहोंपैकी कोणीच नव्हते. त्यांनी निकाल नाकारला, मात्र पुन्हा तपासून घेतला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने संशयास्पद साधनाशी असेच वागावे.

२०/
८ ऑक्टोबर २०२५ रोजी आमच्या नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, २५ डिसेंबरपासून विमाने ये-जा करू लागली. उलवे-पनवेलकडची मुले आता गच्चीवरून विमाने मोजतात. त्यांतल्या कित्येकांच्या नाकावर चष्मा आहे.
मी वैमानिक होईन की नाही, ठाऊक नाही. हे शिक्षण खर्चिक आहे आणि माझा प्रबंध अजून अपुरा आहे. परंतु गेल्या महिन्यात शेजारच्या सातवीतल्या मुलीने नवा चष्मा लावून विचारले, “दादा, आता मला पायलट नाही ना होता येणार?” तेव्हा माझ्याकडे उत्तर होते. मी तिला नियमाचे ते पान उघडून दाखवले आणि त्या चार शब्दांवर बोट ठेवले.

(थ्रेड समाप्त. नियमांत वेळोवेळी बदल होतात, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी अद्ययावत निकष स्वतः वाचावेत. तुमच्या घरीही असा एखादा ऐकीव ‘नियम’ असेल, तर खाली अवश्य लिहा. त्याचे मूळ साधन मिळून शोधू.)