गेल ऑम्व्हेट आणि आमच्या घराचा प्रश्न

माझे पणजोबा भाट्याला खोताच्या जमिनीवर राबले. घरातला पहिला पदवीधर मी. आज खाडीवरचा पूल ओलांडून रत्नागिरीत कॉलेजात शिकवायला जातो. आमच्या घराला 'शेतकरी' कुणी कधी म्हटले नाही. गडी म्हणत, नाहीतर सरळ जातीने हाक मारीत. म्हणून शेतकरी समाजाचा अभ्यास करणाऱ्या पंडितांकडे मी जरा संशयानेच पाहतो.

गेल ऑम्व्हेट यांच्याकडेही तसेच पाहिले. त्यांचा जन्म १९४१ चा, अमेरिकेतील मिनियापोलिसचा. पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहून १९७३ साली त्यांनी बर्कलेची डॉक्टरेट मिळवली. पुढे सांगली जिल्ह्यातील कासेगावी भारत पाटणकरांसह संसार आणि चळवळ एकत्रच मांडली, १९८३ साली भारतीय नागरिकत्व घेतले. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावीच त्यांचे निधन झाले. आमचे किती विद्वान खेड्यात राहायला गेले?

जात सोडून जमिनीचा विचार करता येत नाही, हे त्या फुल्यांकडून शिकल्या. तरीही ऐंशीच्या दशकात त्यांनी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची बाजू उचलून धरली. संघटनेचे म्हणणे असे, की शेतमालाला रास्त भाव मिळाला तर मजुराची मजुरीही वाढेल. इथे माझे बाईंशी भांडण आहे. भाव मिळायला माल लागतो, मालाला जमीन लागते. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या, त्या पेटवायला शहरातले कारखानदार आले नव्हते.

परंतु दलित चळवळीवरचा त्यांचा १९९४ चा ग्रंथ वाचताना मी पुन्हा आमच्या कोकणात, स्वतंत्र मजूर पक्षापाशी आलो. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी विधिमंडळावर शेतकऱ्यांचा मोर्चा गेला. त्या लढ्यात कुणबी आणि महार एका बाजूला उभे होते. बाईंना जी एकजूट हवी होती ती स्वप्नातली नव्हती, एवढे मला मान्य करावे लागले.

खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. त्याच सुमारास कूळकायदाही आला. कसणाऱ्या कुळांची नावे सातबाऱ्यावर चढू लागली. माझ्या वर्गातली कुणब्यांची मुले ते उतारे अभिमानाने दाखवतात. पणजोबा कूळ नव्हते. त्यांच्या नावाचा उतारा मी तलाठ्याकडे मागायलाही गेलेलो नाही.