सह्याद्रीचा कडा आणि पाहणाऱ्याची दृष्टी

महाबळेश्वरच्या पठाराचा पश्चिम कडा मुद्दाम जाऊन पाहावा, ही कल्पना फार जुनी नव्हे. इंग्रज सेनाधिकारी लॉडविक १८२४ मध्ये तेथे चढून गेला. १८२९ मध्ये गव्हर्नर माल्कमने खंडाळा गाव देऊन हे स्थळ सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून मिळविले. प्रारंभी ओढ होती ती थंड हवेची. पुढे दृश्यांची गोडी लागली आणि कड्याच्या टोकांना ‘पॉइंट’ म्हणण्याची चाल पडली. माढीमहालाचे ‘आर्थर्स सीट’ झाले, ते एडिंबरोच्या टेकडीवरून नव्हे, तर तेथे प्रथम घर बांधणाऱ्या आर्थर मॅलेटवरून, असे गॅझेटिअरकार सांगतात.

यावरून एतद्देशीयांस सृष्टिसौंदर्याची दृष्टीच नव्हती, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. क्षेत्र महाबळेश्वरी येणाऱ्या यात्रेकरूचे गंतव्य कडा नसून कृष्णादी नद्यांचा उगम होता. राज्यकर्त्याची दृष्टी याहून निराळी. १६५९ मध्ये अफझलखान जावळीत उतरला, तेव्हा तेथील अरण्याची दुर्गमता हेच शिवाजी महाराजांचे मोठे बळ ठरले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सु. १७१५) हाच विचार नियमरूपाने येतो. गडाभोवतालची झाडी जतन करावी, वाटा सुगम ठेवू नयेत, जवळ दुसरा डोंगर असल्यास तो सुरुंगाने फोडावा. म्हणजे ज्या शिखरावरून गड उत्तम दिसावा, तेच शिखर अमात्यांच्या लेखी नष्ट करण्याजोगे! आजचे प्रवासी प्रतापगड न्याहाळतात ते समोरच्या उंच कड्यांवरूनच; ते तोफेच्या टप्प्याबाहेर आहेत, एवढेच.

आपण दूरवर पाहू शकू, परंतु स्वतः दृष्टीस पडणार नाही, असे स्थळ मनुष्यास स्वभावतः प्रिय असते, असा सिद्धांत जे ॲपल्टन या भूगोलज्ञाने १९७५ मध्ये मांडला. गडास तो चपखल लागू पडतो. ‘पॉइंट’ला मात्र तो अर्धाच लागतो, कारण तेथे आडोसा नाही, आणि उगमाशी वाकून तीर्थ घेणाऱ्यास तो मुळीच लागत नाही.

आज्ञापत्र हा राजनीतीचा ग्रंथ आहे. त्यात आनंदाचे उद्गार शोधणे व्यर्थ, आणि ते न सापडणे हा अरसिकतेचा पुरावा नव्हे. आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे हे सांगतानाच अमात्य रयतेच्या आंबा-फणसांना हात लावण्यास मनाई करतात. रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढविलेली असतात, असे कारण ते तेथे देतात.