अबेओकुटाच्या बाजारांतील स्त्रिया

पश्चिम आफ्रिकेंतील नायजेरिया देशांत, लागोस बंदराच्या उत्तरेस, अबेओकुटा नांवाचें शहर आहे. ओलुमो नांवाच्या प्रचंड खडकाच्या आश्रयानें एग्बा लोकांनीं तें इ. स. १८३० च्या सुमारास वसविलें. ‘खडकाखालचें’ असाच त्या नांवाचा अर्थ आहे. तेथील राजास अलाके म्हणतात. इ. स. १९४७ च्या नोव्हेंबरअखेर या अलाकेच्या वाड्यासमोर सुमारें दहा हजार बायका रात्रभर ठाण मांडून बसल्या. आणि सव्वा वर्ष लोटण्यापूर्वींच अलाके दुसरा अडेमोला यास गादी सोडावी लागली. निःशस्त्र बायकांनीं हें कसें साधलें, याची हकीकत मनन करण्यासारखी आहे.

योरुबा मुलुखांत बाजार बायकांच्या हातीं असे. धान्य, भाजी, निळीनें रंगविलेलीं वस्त्रें, सारा किरकोळ व्यापार त्याच करीत. इंग्रज सरकारनें १९१८ सालीं एग्बा प्रांतावर कर बसविला, तेव्हां नवऱ्याप्रमाणें बायकोवरहि तो स्वतंत्रपणें लादला. मुलग्यास सोळाव्या वर्षापासून कर, तर मुलीस पंधराव्यापासूनच! वयाची खात्री करून घेण्याच्या मिषानें वसुलीचे शिपाई मुलींच्या वस्त्रांस हात घालतात, अशीहि बायकांची तक्रार होती. कारभार अलाकेच्या एकट्याच्या अधिकारानें चाले. आणि कर देणाऱ्या बायकांपैकीं एकहि त्याच्या दरबारीं सल्ला देण्यास नव्हती.

या बायकांना पुढारी लाभली ती मात्र बाजारांतली नव्हती. फुन्मिलायो रॅन्सम-कुटी यांचा जन्म २५ ऑक्टोबर १९०० रोजीं अबेओकुटा येथें झाला. १९१४ सालीं तेथील मुलांच्या हायस्कुलांत मुलींस प्रवेश मिळाला, तेव्हां त्या पहिल्याच तुकडींत होत्या. १९१९ पासून तीन वर्षें त्यांनीं इंग्लंडांत विद्याभ्यास केला. परत आल्यावर फ्रान्सिस व अबिगेल हीं इंग्रजी नांवें टाकून त्यांनीं आपलें योरुबा नांव तेवढें ठेविलें. १९२५ सालीं त्यांचा विवाह रेव्हरंड इझ्रायल रॅन्सम-कुटी या शिक्षकाशीं झाला. पुढें ते अबेओकुटाच्या त्याच शाळेचे मुख्याध्यापक झाले.

बाईंनीं प्रथम काढिलें तें शिकलेल्या कुलीन स्त्रियांचें मंडळ. शिवणकाम, शिष्टाचार, मुलींचें वळण एवढ्यापुरतेंच त्याचें क्षेत्र होतें. परंतु १९४४ सालीं बाजारांतील एका बाईनें वाचावयास शिकण्याची इच्छा दर्शविली, आणि त्यांतून निरक्षर स्त्रियांसाठीं वर्ग निघाला. शिकविणारीस येथें स्वतःलाच शिकावयास मिळालें. युद्धकाळांत सरकारी माणसें तांदूळ हिसकावून नेतात, कराच्या वसुलींत कशी विटंबना होते, हें त्या विद्यार्थिनींच्या तोंडून त्यांस कळलें. तांदुळाची गोष्ट वर्तमानपत्रांत छापून येतांच ती जप्ती थांबली. छापील अक्षराचें बळ काय असतें, हें बाजारानें तेव्हां पाहिलें.

१९४६ सालीं जुन्या मंडळाचें रूपांतर अबेओकुटा स्त्री-संघांत झालें. त्याच्या सभासद वीस हजारांपर्यंत होत्या, असें सांगतात. बाईंनीं इंग्रजी पोशाख सोडून बाजारकरणींप्रमाणें योरुबा वस्त्र परिधान केलें, आणि सभेंत योरुबा भाषेंतच बोलण्याचा प्रघात पाडला. संघानें नुसती ओरड केली नाहीं. राज्याचे हिशेब तपासण्यासाठीं हिशेबनीस नेमला. बायकांवरील कर काढून तो परदेशी कंपन्यांवर बसवावा, अलाकेची एकहातीं सत्ता मोडावी, अशा लेखी मागण्या केल्या. मिरवणुकीस परवानगी नाकारली, तेव्हां बायकांनीं तिला वनभोजन म्हटलें! अश्रुधूर सोडल्यास काय करावें, याचेंहि शिक्षण बाई त्यांस देत.

अखेर १९४८ सालीं स्त्रियांवरील कर तहकूब झाला. ३ जानेवारी १९४९ रोजीं अलाकेनें गादी सोडली, आणि नव्या मध्यवर्ती मंडळांत चार स्त्रिया बसल्या. त्यांत फुन्मिलायोबाई होत्याच. विजय सर्वस्वीं टिकला असें मात्र नाहीं. १९५० च्या डिसेंबरांत अलाके परत आला. परंतु बाजारांतल्या बायकांस विचारल्यावांचून कर बसविणें पूर्वीइतकें सोपें राहिलें नव्हतें.

पुढें बाईंनीं साऱ्या देशांतील स्त्रियांच्या मताधिकारासाठीं खटपट केली. उत्तर नायजेरियांतील स्त्रियांना तो १९७६ सालीं मिळाला, तो पाहण्यास त्या हयात होत्या. मात्र त्यांचा शेवट करुण झाला. १९७७ च्या फेब्रुवारींत लष्करी राजवटीच्या शिपायांनीं त्यांचे चिरंजीव, प्रसिद्ध गायक फेला, यांच्या लागोस येथील घरावर हल्ला केला, आणि शहात्तर वर्षांच्या या वृद्धेस वरच्या खिडकींतून खालीं फेंकून दिलें. त्या दुखण्यांतून त्या उठल्या नाहींत. १३ एप्रिल १९७८ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

परकी सत्ता गेली, तरी स्वकीयांच्या सत्तेसहि हिशेब विचारावा लागतो, हें त्यांच्या मरणानें दाखविलें. तो विचारण्याचें धैर्य त्यांच्या ठायीं प्रथमपासून असेलहि. पण कोणता हिशेब विचारावयाचा, हें त्यांस बाजारांतील निरक्षर बायकांनीं सांगितलें. शिकलेल्या स्त्रीनें आपल्या मंडळाचें दार उघडलें नसतें, तर दोघींचेंहि शिक्षण अपुरेंच राहिलें असतें.