डॉ. गेल ऑम्व्हेट व कृष्णाकांठचें विखुरलेलें दफ्तर

सातारा व सांगली हे दोन जिल्हे इतिहाससाधनांच्या संग्राहकांस अपरिचित नाहींत. राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला, तो वाईस सांपडलेल्या कागदांच्या बळावर. वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस राहून पटवर्धनी दफ्तरांतून ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंड काढले. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनीं साताऱ्यास आपला विस्तृत संग्रह जमविला. या तिघांच्या श्रमांमुळें छत्रपति, पेशवे, सरदार व सावकार यांच्या घरचें वर्तमान आज पुष्कळसें तारीखवार सांगतां येतें. परंतु ज्यांचें घरच पाण्याखालीं गेलें, किंवा ज्यांस घरांतून बाहेर काढलें, त्यांचें दफ्तर कोणत्या वाड्यांत शोधावें? हा प्रश्न आपल्या परंपरेंत फारसा कोणी विचारला नाहीं. तो ज्यांनीं विचारला व ज्यांचें निम्म्याहून अधिक आयुष्य याच कृष्णाकांठीं गेलें, त्या समाजशास्त्रज्ञ डॉ. गेल ऑम्व्हेट यांच्या कार्याचा साधनांच्या दृष्टीनें परामर्श घेणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम चरित्राची रूपरेषा देतों. ऑम्व्हेटबाईंचा जन्म अमेरिकेंतील मिनीआपोलिस येथें २ ऑगस्ट १९४१ रोजीं झाला. १९६३ च्या सुमारास त्या प्रथम हिंदुस्थानांत आल्या. पुढें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत त्यांनीं समाजशास्त्राचा अभ्यास केला, व त्याच्या पूर्ततेसाठीं १९७० नंतर त्या महाराष्ट्रांत राहून कागद धुंडाळूं लागल्या. १९७३ सालीं त्यांस डॉक्टरेट मिळाली. १९७६ सालीं वाळवें तालुक्यांतील कासेगांवचे डॉ. भारत पाटणकर यांच्याशीं त्यांचा विवाह झाला; १९८३ सालीं त्यांनीं भारताचें नागरिकत्व घेतलें. पुणें विद्यापीठ, भुवनेश्वर, कोपनहेगन अशा ठिकाणीं त्यांनीं अध्यापन व संशोधन केलें. तथापि मुक्काम कासेगांवचाच राहिला. तेथेंच २५ ऑगस्ट २०२१ रोजीं त्यांचें निधन झालें.

पुढील विवेचन समजण्यास एक भौगोलिक खुलासा आवश्यक आहे. आज सांगली जिल्ह्यांत असलेले वाळवें, तासगांव, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यांत मोडत होते. सांगली व मिरज हीं तेव्हां संस्थानें होतीं. संस्थानें विलीन झाल्यावर १ ऑगस्ट १९४९ रोजीं दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. सबब या भागांतील १९४९ पूर्वीचे सरकारी कागद जो सांगलीच्या नांवाखालीं शोधील त्याची निराशा होईल. दोन्ही जिल्ह्यांचा इतिहास या दृष्टीनें एकच आहे, आणि बाईंचें संशोधनही तो एक धरूनच चाललें आहे.

त्यांच्या प्रबंधाचा विषय १८७३ ते १९३० या काळांतील पश्चिम हिंदुस्थानांतील ब्राह्मणेतर चळवळ हा होता. 'कल्चरल रिव्होल्ट इन ए कलोनियल सोसायटी' या नांवानें तो १९७६ सालीं मुंबईस ग्रंथरूपानें निघाला. सत्यशोधक समाज जरी १८७३ सालीं पुण्यास स्थापन झाला, तरी जोतीराव फुले यांचें मूळ गांव खटाव तालुक्यांतील कटगुण व सावित्रीबाईंचें माहेर नायगांव, हीं दोन्ही सातारा जिल्ह्यांतलीं. आणि समाजाचा खेड्यापाड्यांतील प्रसार याच जिल्ह्यांत विशेष झाला. १९१९ ते १९२१ च्या सुमारास साताऱ्याकडील कुळांनीं जमीनदार व सावकार यांच्याविरुद्ध जी उचल केली, तिचा सत्यशोधक जलशांशीं असलेला संबंध बाईंनीं उलगडून दाखविला. येथें त्यांच्या साधनांची निवड लक्षांत घेण्यासारखी आहे. सरकारी अहवाल त्यांनीं टाकले नाहींत. पण त्यांच्या जोडीला मुकुंदराव पाटील यांच्या 'दीनमित्रा'सारखीं वृत्तपत्रें, प्रचाराचीं चोपडीं, जलशांतील सवालजबाब हींही त्यांनीं तितक्याच गांभीर्यानें वाचलीं. 'दीनमित्र' नेवासें तालुक्यांतील तरवडी या खेड्यांतून निघे, ही एक गोष्टही संग्राहकास पुष्कळ कांहीं शिकवील. छापील कागद शहरांतच सांपडावयाचा, हा समज तिनें खोटा ठरतो. अशा पत्रांचा एखादा सुटा अंक रद्दींत गेला तर तेवढ्यापुरता एका गांवाचा इतिहास गेला, असें समजावें.

त्यांच्या अभ्यासाचा दुसरा विषय राज्यकारभाराचा. १९४२ च्या चळवळींत ३ सप्टेंबर रोजीं तासगांव कचेरीवर मोर्चा गेला; ९ सप्टेंबर रोजीं वडूज येथें गोळीबार होऊन परशुराम घार्गे व त्यांचे सहकारी धारातीर्थीं पडले. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली, आणि येडेमच्छिंद्रचे नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं १९४३ पासून १९४६ पर्यंत सातारा जिल्ह्याच्या बऱ्याच खेड्यांत प्रतिसरकार नांदलें. न्यायदान मंडळें, तुफान सेना, दारूबंदी, कमी खर्चाचीं लग्नें असा त्याचा कारभार होता. या कारभारावर बाईंनीं लिहिलेला निबंध १९८८ सालीं बेचाळीसच्या चळवळीविषयींच्या एका संपादित ग्रंथांत प्रसिद्ध झाला.

भूमिगत राजवटीचें दफ्तर मिळणें किती दुर्घट, हें निराळें सांगावयास नको. ज्या चिठ्ठीनें निवाडा कळवावयाचा, तीच चिठ्ठी पोलिसांच्या हातीं पडली म्हणजे पुरावा ठरावयाची. म्हणून निरोप तोंडीं देणें व कागद जाळणें हाच शहाणपणा होता. परिणाम असा कीं, सरकारच्या बाजूचे कागद राहिले व प्रतिसरकारच्या बाजूचे विरळ झाले. अशा वेळीं ज्यांनीं तो कारभार केला त्यांस प्रत्यक्ष विचारणें हा एकच मार्ग उरतो. बाईंच्या सासूबाई इंदुताई पाटणकर या स्वतः प्रतिसरकारच्या कार्यकर्त्या. श्वशुर बाबूजी पाटणकर हेही त्यांतलेच. त्यामुळें त्यांस हा मार्ग घरांतूनच मोकळा झाला. चाळीस वर्षांनंतरची आठवण ही समकालीन पत्राच्या तोलाची नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण बखरीविषयींही आपण असेंच म्हणतों आणि तरी बखर फेंकून देत नाहीं, ताडून पाहतों. तोच न्याय येथें लावावा.

तिसरा विषय बेघरांचा. साताऱ्याच्या पाटण व जावळी भागांत कोयनेचें धरण झालें. १९६० नंतरच्या वर्षांत शिवसागर जलाशय भरूं लागला व शंभराच्या सुमारास गांवें त्याच्या पोटांत गेलीं. लोक सोलापूर, सांगली, ठाणें, कुलाबा अशा दूरच्या जिल्ह्यांत पांगले. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानें उरलेल्या खोऱ्यांतही पावणेदोनशेंच्या सुमारास माणसें बळी घेतलीं व असंख्य घरें पाडलीं. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा झाला तो १९७६ सालीं, म्हणजे कोयनेचे लोक उठून गेल्यावर कित्येक वर्षांनीं. १९८० सालीं स्थापन झालेल्या श्रमिक मुक्ति दलानें धरणग्रस्तांचा प्रश्न हातीं घेतला, आणि डॉ. पाटणकर व ऑम्व्हेटबाई त्या कार्यांत अग्रभागीं होते. धरण होऊन अर्धशतक लोटल्यावरही कोयनेच्या लोकांस जमिनीसाठीं आंदोलन करावें लागलें, याचें कारण शोधूं गेल्यास तें पुष्कळ अंशीं कागदांत सांपडतें. बुडालेल्या जमिनीचा सातबारा, पुनर्वसन खात्याचें संकलन रजिस्टर, प्रकल्पग्रस्ताचा दाखला, यांपैकीं एकाही ठिकाणीं नांव चुकलें किंवा वारसाची नोंद राहिली, कीं त्या कुटुंबाचा हक्क अडला. आपण वतनाच्या तंट्यांतील महजर मोठ्या हौसेनें छापतों. धरणग्रस्ताच्या अर्जांचें बाड हा त्याच जातीचा कागद आहे. फरक इतकाच कीं त्याचा निवाडा अद्याप व्हावयाचा असतो.

बेघरपणा पाण्यानें येतो तसा पाण्याच्या अभावींही येतो. सांगली जिल्ह्याचा पूर्वभाग अवर्षणाचा. १९७२ च्या दुष्काळांत येथील माणसें खडी फोडण्याच्या कामावर गेलीं. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे हे तासगांव तालुक्यांतील विसापूरचे, व योजनेचा पहिला प्रयोगही त्याच भागांत झाला, हा केवळ योगायोग मानतां येत नाहीं. खानापूर तालुक्यांत १९८० नंतर मुक्तिसंघर्ष चळवळीनें दुष्काळाची चिकित्सा गांवकऱ्यांकडूनच करविली: पाऊस किती, पिकें कोणतीं, येरळेचें पाणी कोठें जातें. तिच्यांतून बलवडी व तांदुळवाडी या गांवांच्या लोकांनीं येरळेच्या पात्रांतील थोडी वाळू स्वतः विकून बळीराजा स्मृति धरण बांधलें, आणि पाणी जमिनीच्या प्रमाणांत न देतां सर्वांस समान द्यावें असें ठरविलें. डॉ. पाटणकर हे वैद्यकीचें शिक्षण घेतलेले. पाणी, धान्य व निवारा यांचा प्रश्न हा आरोग्याचाही प्रश्न आहे, हें या चळवळीनें निराळें पुस्तक न लिहितां दाखविलें. बाईंनीं हा वृत्तान्त आपल्या लेखांतून व १९९३ सालच्या 'रीइन्व्हेंटिंग रिव्होल्यूशन' या ग्रंथांतून नोंदविला. त्याच वर्षीं वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी यांनीं आटपाडीस पाणी परिषद भरविली. बेचाळीसचा भूमिगत सैनिक पन्नास वर्षांनीं पाण्याच्या कारभारासाठीं उभा राहिला, हें दोन विषयांचें नातें विसरूं नये.

परित्यक्ता स्त्रियांची चळवळही याच भागांत इंदुताईंच्या पुढाकारानें वाढली. नवऱ्यानें टाकलेल्या बाईचें नांव सासरच्या शिधापत्रिकेंतून जातें व माहेरच्या पत्रिकेंत चढत नाहीं. मग ती कोणत्या घरची, हें सरकारला सांगतां येत नाहीं. स्वतःच्या नांवाची शिधापत्रिका व घरासाठीं जागा ही त्यांची मागणी होती. एका पुठ्ठ्याच्या कागदावर माणसाचें असणें कसें अवलंबून असतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

बाईंवर पक्षपाताचा आरोप होऊं शकतो. ज्या चळवळींत त्या स्वतः होत्या त्यांचाच त्यांनीं इतिहास लिहिला, हें खरें आहे. तथापि १९९९ सालीं नर्मदेच्या प्रश्नावर अरुंधती रॉय यांस लिहिलेल्या जाहीर पत्रांत त्यांनीं सरसकट धरणविरोध मान्य केला नाहीं. विस्थापितांस न्याय व दुष्काळी शेतकऱ्यास पाणी, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या पाहिजेत, असें त्यांचें म्हणणें होतें. मतभेद कोणाचाही असो. एकाच नदीच्या कांठीं बुडालेला व तहानलेला असे दोन्ही शेजारी पाहिलेल्या अभ्यासकाचें हें मत आहे. चळवळींतील स्नेह्यांस न रुचणारें मत पुराव्यासाठीं उघड मांडणें, ही संशोधकाच्या सचोटीची खूण होय.

आतां राहिली आपल्या कर्तव्याची गोष्ट. प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांची पिढी जवळजवळ संपली. कोयनेच्या मूळ गांवठाणांत जन्मलेले लोकही थोडे उरले. त्यांच्या घरच्या पत्र्याच्या पेट्यांत मोर्चांचीं हस्तपत्रकें, जलशाच्या वह्या, अर्जांच्या नकला, जुन्या शिधापत्रिका, बुडालेल्या गांवाचे सातबारे हे कागद अजून आहेत. हे कागद मोडी नाहींत, त्यांवर शिक्कामोर्तब नाहीं, बाजारांत त्यांस किंमत नाहीं. म्हणूनच ते सर्वांत आधीं नष्ट होतील. आमची संग्राहकांस विनंती आहे कीं, सातारा-सांगलीकडे सनदा शोधावयास जातांना या पेट्याही उघडून घ्याव्या. मूळ कागद मालकापाशींच ठेवावा, कारण तो अद्याप त्याच्या उपयोगाचा आहे. नक्कल मात्र घ्यावी, व तिच्यावर गांव, तालुका, तारीख आणि कागद दाखविणाराचें नातें लिहून ठेवावें. राजवाडे यांनीं वाईस जें केलें तें याहून निराळें नव्हतें.