नेटला लागून गेलेली सर्व्हिस चालते! व्हॉलीबॉलचा इतिहास, साहित्य आणि आजचे नियम

गावच्या व्हॉलीबॉल स्पर्धेत वाद होतो तो बहुतेक वेळा ठरलेल्या तीन-चार गोष्टींवरून. सर्व्हिस नेटला घासून पलीकडे पडली. बॉल पायाला लागला. कोणाचा तरी पाय मधल्या रेषेवर आला. नाहीतर, ‘सर्व्हिस आमची होती, मग पॉइंट त्यांना कसा?’ दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि पुष्कळदा दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं. एक जण जुना नियम सांगत असतो, दुसरा नवा.

गेल्या ३०-३५ वर्षांत व्हॉलीबॉलचे नियम बरेच बदलले आहेत. ज्यांनी त्याआधी खेळ शिकला, त्यांनी पुढच्या पोरांना तसाच शिकवला. याचा फटका बसतो तो शाळेच्या संघांना. तालुक्याच्या स्पर्धेत नेटला लागून आलेल्या सर्व्हिसकडे पोरं नुसती बघत राहतात आणि पंच समोरच्या संघाला पॉइंट देऊन मोकळे होतात. म्हणून हा खेळ आला कुठून, त्याला लागतं काय आणि आजचे नियम काय, हे एकदा नीट समजून घेतलेलं बरं.

सुरुवात कुठे झाली?

व्हॉलीबॉलचा जन्म अमेरिकेतला. मॅसॅच्युसेट्स राज्यातील होल्योक या गावी वायएमसीए संस्थेत विल्यम जी. मॉर्गन हे शारीरिक शिक्षणाचे काम पाहत. त्याच्या चारच वर्षे आधी, १८९१ मध्ये, जवळच्याच स्प्रिंगफील्डमध्ये बास्केटबॉल सुरू झाला होता. पण दिवसभर कामधंदा करून येणाऱ्या मोठ्या वयाच्या माणसांना ती धावपळ आणि धक्काबुक्की झेपत नव्हती. मॉर्गन यांनी १८९५ मध्ये मधला मार्ग काढला. टेनिसचे नेट साडेसहा फूट उंचीवर बांधले आणि बॉल हाताने पलीकडे मारायला लावला. अंगाला अंग लागायचा प्रश्नच मिटला.

या खेळाचे पहिले नाव होते ‘मिंटोनेट’. सुरुवातीला बास्केटबॉलचा आतला ब्लॅडर वापरून पाहिला, तो फारच हलका निघाला. अख्खा बास्केटबॉल घेतला तर तो जड. शेवटी स्पाल्डिंग कंपनीकडून खास वेगळा बॉल बनवून घेण्यात आला. १८९६ मध्ये स्प्रिंगफील्डला प्रात्यक्षिक झाले. बॉल खाली पडू न देता हवेतच इकडून तिकडे मारला जातो, त्याला इंग्रजीत ‘व्हॉली’ म्हणतात. त्यावरून तिथे ‘व्हॉली बॉल’ हे नाव सुचवले गेले आणि तेच टिकले.

त्या वेळी खेळाडूंच्या संख्येला बंधन नव्हते आणि बॉल कितीही वेळा उडवला तरी चालायचा. आपण आज जो खेळ बघतो, म्हणजे एकाने बॉल वर उचलून द्यायचा आणि दुसऱ्याने उडी मारून स्मॅश करायचा, ती पद्धत १९१६ च्या सुमारास फिलिपाइन्समध्ये पुढे आली. तीनच स्पर्शांचा नियम १९२० मध्ये आला.

१९४७ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघ स्थापन झाला. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये व्हॉलीबॉलचा पहिल्यांदा समावेश झाला. पुरुषांचे सुवर्णपदक सोव्हिएत संघाने, तर महिलांचे जपानने जिंकले. जपानच्या त्या संघातील बहुतेक मुली एका कापड गिरणीच्या संघात खेळणाऱ्या होत्या. दिवसा गिरणीचे काम आणि त्यानंतर सराव, असा त्यांचा दिनक्रम होता.

भारतात व्हॉलीबॉल

आपल्या देशात हा खेळ रुजवण्यात वायएमसीएचा मोठा वाटा आहे. मद्रासमध्ये १९२० मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून अनेक क्रीडाशिक्षक तयार झाले. भारतीय व्हॉलीबॉल महासंघाची स्थापना १९५१ मध्ये झाली.

आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय पुरुष संघाने तीन पदके मिळवली आहेत: १९५८ मध्ये टोकियोला कांस्य, १९६२ मध्ये जकार्ताला रौप्य आणि १९८६ मध्ये सोलला कांस्य. सोलच्या संघात केरळचे जिमी जॉर्ज होते. त्यांची उडी आणि स्मॅश जुने लोक आजही आठवतात. इटलीत व्यावसायिक व्हॉलीबॉल खेळणारे ते नावाजलेले भारतीय खेळाडू. १९८७ मध्ये इटलीतच मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत भारताला पदक मिळालेले नाही. मात्र २०२३ मध्ये हांगझोऊ येथे भारताने बलाढ्य दक्षिण कोरियाला ३-२ असे हरवले होते.

मैदान: दोरीने आखा, चुकणार नाही

पूर्ण मैदान १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद असते. फुटात सांगायचे तर साधारण ५९ बाय साडेएकोणतीस. मधोमध रेषा, म्हणजे दोन्ही बाजूंना ९ बाय ९ मीटरचे चौकोन. मधल्या रेषेपासून ३ मीटरवर दोन्हीकडे एकेक आडवी रेषा असते. तिला अटॅक लाइन म्हणतात. रेषांची जाडी ५ सेंटिमीटर. ही जाडी मापाच्या आतच धरायची, बाहेर नाही.

गावात मैदान हमखास तिरकं आखलं जातं. त्यावर सोपा उपाय आहे. आधी १८ मीटरची एक बाजू सरळ आखून दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. मग एका टोकापासून ९ मीटर आणि दुसऱ्या टोकापासून २० मीटर १२ सेंटिमीटर दोरी ताणा. दोन्ही दोऱ्या जिथे मिळतील तो तिसरा कोपरा. तसाच चौथा काढा. दोन्ही कर्ण सारखे, म्हणजे साधारण ६६ फूट भरले, की मैदान काटकोनात बसले.

जागा निवडताना एवढे बघावे:

- रेषेच्या बाहेर चारही बाजूंना किमान ३ मीटर मोकळी जागा हवी. तिथे दगड, गाडी, बाकडं काही नको.
- वर किमान ७ मीटर मोकळे हवे. विजेच्या तारेखाली मैदान कधीच आखू नये.
- मैदानाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवली तर संध्याकाळचे ऊन कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.
- आखणीला फक्की किंवा खडूची भुकटी वापरावी. कळीचा चुना नको. सूर मारताना डोळ्यात गेला तर इजा होते.

नेट, पोल आणि बॉल

नेटची उंची पुरुषांसाठी २.४३ मीटर (आठ फुटाला थोडी कमी) आणि महिलांसाठी २.२४ मीटर (सुमारे ७ फूट ४ इंच) असते. ही उंची मैदानाच्या मधोमध मोजायची. नेट मध्ये लोंबत असेल तर दोरी ताणून घ्यावी, कारण एकाच सामन्यात कडेला उंच आणि मध्ये बुटकं नेट असेल तर स्मॅशचा खेळच बिघडतो. शालेय स्पर्धेत वयोगटाप्रमाणे उंची वेगळी असू शकते, ती स्पर्धेच्या परिपत्रकात बघून सराव करावा.

नेट १ मीटर रुंद असते. दोन्ही बाजूच्या रेषांच्या बरोबर वर नेटला लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या काठ्या लावतात, त्यांना अँटेना म्हणतात. त्या नेटच्या वर ८० सेंटिमीटर निघतात. बॉल दोन्ही अँटेनांच्या मधूनच पलीकडे जायला हवा. अँटेनाला लागला तर आउट. गावात अँटेना नसतात म्हणून बॉल आतून गेला की बाहेरून, यावर वाद होतो. सरळ, हलक्या काठ्यांना रंग देऊन लावल्या तरी सरावाचे काम भागते.

पोल बाजूच्या रेषेपासून अर्धा ते एक मीटर बाहेर असावेत. पोलला तारेचे ताण देऊ नयेत. नियमातही ते चालत नाही आणि अंधारात पाय अडकून पडायची भीती असते. पोल खोल पुरून पक्के करणे हाच खरा उपाय. लोखंडी पोलला जुनी गादी किंवा फोम गुंडाळला तर डोके आपटण्याचा धोका कमी होतो.

बॉलचा घेर ६५ ते ६७ सेंटिमीटर आणि वजन २६० ते २८० ग्रॅम असते. हवा फार थोडी लागते, सव्वाचार ते साडेचार पीएसआय. पंक्चरच्या दुकानात गाडीच्या टायरसारखी हवा भरली की बॉल दगडासारखा होतो. त्याने बोटे दुखावतात आणि शिलाईही उसवते. हातपंप वापरावा आणि सुई ओली करूनच आत घालावी.

खेळ चालतो कसा?

एका बाजूला ६ खेळाडू: तीन नेटजवळ, तीन मागे. शिट्टी झाल्यावर ८ सेकंदांत मागच्या रेषेबाहेरून सर्व्हिस करायची. प्रत्येक संघाला जास्तीत जास्त तीन स्पर्शांत बॉल पलीकडे पाठवायचा असतो. ब्लॉकमध्ये लागलेला स्पर्श या तिनांत धरत नाहीत. एकाच खेळाडूने लागोपाठ दोनदा बॉल मारायचा नाही; पण ब्लॉक करणारा लगेच पुन्हा बॉल खेळू शकतो. बॉल पकडून फेकला तर फाउल.

समोरच्याची सर्व्हिस तोडून पॉइंट मिळवला, की आपल्या संघाने घड्याळाच्या काट्याप्रमाणे एक जागा सरकायचे. पुढच्या रांगेतला उजवीकडचा खेळाडू मागे जाऊन सर्व्हिस करतो. यालाच रोटेशन म्हणतात. त्यामुळे प्रत्येकाला पुढेही खेळावे लागते आणि मागेही.

मागच्या रांगेतल्या खेळाडूला ब्लॉक करता येत नाही. त्याला स्मॅश मारायचा असेल तर अटॅक लाइनच्या मागून उडी घ्यायची. उडी मारताना पाय रेषेला लागला आणि बॉल नेटच्या वर असताना मारला, तर फाउल.

वेगळ्या रंगाच्या जर्सीतला खेळाडू म्हणजे लिबेरो. तो १९९८ पासून आला. त्याचे काम मागे राहून बॉल उचलण्याचे. त्याला ब्लॉक करता येत नाही आणि नेटच्या वरचा बॉल मारून पलीकडे पाठवता येत नाही. उंची कमी पण चपळाई भरपूर, अशा मुला-मुलींसाठी ही जागा मोठी संधी आहे.

सामना पाच सेटचा. तीन सेट आधी जिंकेल तो विजयी. पहिले चार सेट २५ पॉइंटचे, पाचवा १५ चा. पण किमान दोन पॉइंटची आघाडी लागतेच. २४-२४ झाले तर २६-२४, २७-२५ असे पुढे चालते. पाचव्या सेटमध्ये ८ पॉइंट झाले की बाजू बदलतात. एका सेटमध्ये प्रत्येक संघाला ३० सेकंदांचे दोन टाइमआउट आणि सहा बदल मिळतात.

जुना नियम, आजचा नियम

- पॉइंट कोणाला? पूर्वी ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट मिळायचा आणि सेट १५ चा असायचा. आता प्रत्येक रॅलीला पॉइंट, सर्व्हिस कोणाचीही असो.
- सर्व्हिस नेटला लागली तर? पूर्वी फाउल होता. आता बॉल नेटला लागून पलीकडे मैदानात पडला तर सर्व्हिस बरोबर. खेळ चालूच राहतो, थांबायचे नाही.
- सर्व्हिस कुठून? पूर्वी उजव्या कोपऱ्यातील ३ मीटरमधूनच करावी लागे. आता मागच्या पूर्ण ९ मीटर रेषेच्या मागे कुठूनही.
- बॉल पायाला लागला? पूर्वी फाउल. आता अंगाच्या कुठल्याही भागाने बॉल खेळता येतो, पायानेसुद्धा.
- मधली रेषा? रेषेला पाय लागला म्हणून लगेच फाउल होत नाही. अख्खे पाऊल रेषा ओलांडून पलीकडे टेकले तर फाउल. पावलाचा थोडा भाग रेषेवर किंवा रेषेच्या वर असेल तर चालते. मात्र समोरच्याच्या खेळात अडथळा यायला नको.
- नेटला हात लागला? बॉल खेळताना दोन्ही अँटेनांच्या मधल्या नेटला खेळाडू लागला तर फाउल. बॉल जोरात नेटवर आदळून नेट खेळाडूला लागले, तर फाउल नाही.
- रेषेवरचा बॉल? हे पूर्वीही तसेच आणि आताही तसेच: बॉल रेषेला शिवला तर आत.

ग्रामीण भागात शूटिंगबॉलही जोरात खेळतात. तो वेगळा खेळ आहे, त्याचे नियमही वेगळे. ती सवय व्हॉलीबॉलच्या सामन्यात आणली की फाउल ठरलेलाच.

मुला-मुलींना पुढे जायचं असेल तर

शालेय व्हॉलीबॉल स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत, मुले आणि मुली यांच्यासाठी वेगळ्या होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण असते. नोंदणी शाळेमार्फतच करावी लागते, त्यामुळे वर्ष सुरू होताच क्रीडाशिक्षकांकडे चौकशी करावी.

दहावी-बारावीला खेळाडूंसाठी सवलतीचे गुण आहेत आणि राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पण दोन्हींसाठी शासन निर्णयात ठरवून दिलेल्या स्पर्धा आणि त्यातली ठरलेली कामगिरी लागते. गावच्या खुल्या स्पर्धेची ट्रॉफी कितीही मोठी असली तरी तिथे धरली जात नाही. प्रमाणपत्राची नक्की अट जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावी.

स्पर्धा भरवणाऱ्यांसाठी

सामने सुरू होण्याआधी दोन्ही कर्णधारांना बोलावून पाच गोष्टी सांगाव्यात: सेट किती आणि किती पॉइंटचे, नेटची उंची, अँटेना आहे की नाही, खेळाडू बदल किती, आणि पंचांचा निर्णय शेवटचा. वेळ कमी म्हणून तीनच सेट किंवा १५ चेच पॉइंट ठेवायचे असतील तरी हरकत नाही, फक्त ते आधी ठरवावे आणि मैदानाजवळ कागदावर लिहून लावावे. रेषेवर निदान दोन लाइनमन उभे करावेत, तेही खेळणाऱ्या संघांपैकी नसलेले. एवढे केले तर निम्मे वाद सुरूच होणार नाहीत.