मुद्दाम

"मुद्दाम केलं काय बे?"

अमरावतीत लहानपण गेलेल्या कुणालाही हा प्रश्न ओळखीचा असेल. कप फुटला, शाई सांडली, धाकट्याच्या डोक्याला टेंगूळ आलं की आधी हा प्रश्न आणि मग धपाटा. उत्तर 'नाही' असं पटलं तर धपाटा जरा हलका. एवढ्या एका शब्दावर आमचं घरगुती कोर्ट चालायचं.

इंग्रजी शिकायला लागल्यावर कळलं की तिकडे याच कामाला शब्दांची रांग उभी आहे. डेलिबरेट, इंटेन्शनल, ऑन पर्पज, नोइंगली, विलफुल... शाळेत सगळ्यांसमोर 'मुद्दाम' असाच अर्थ लिहिला आणि पुढे गेलो. ऑक्सफर्डच्या जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने यातल्या पहिल्या तीन शब्दांतला फरक सांगायला अख्खा निबंध लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर, १९६६ मध्ये छापून आला. शीर्षकातच शाई सांडण्याच्या तीन तऱ्हा आहेत. (म्हणजे शाई तिकडेही सांडते!) 'डेलिबरेट'च्या मुळाशी लॅटिनमधला तराजू आहे, तोलूनमापून केलेलं ते. 'इंटेन्शन'च्या मुळाशी ताणणं आहे, धनुष्य ताणावं तसं. आपल्याकडेही शोधलं तर सापडतात. 'हेतुपुरस्सर' म्हणजे हेतू पुढे चालतो आणि कृती त्याच्या मागून. पण बोलताना आपलं सगळं 'मुद्दाम'वर भागतं.

कायद्याचं भागत नाही. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये भारतीय दंडसंहितेचा मसुदा केला, १८६० मध्ये ती मंजूर झाली आणि १८६२ च्या पहिल्या तारखेपासून लागू झाली. तिच्यात हे शब्द सोनाराच्या वजनांसारखे वापरलेत. 'व्हॉलंटरिली'चं उदाहरण पाहा. दरोडा सोपा जावा म्हणून एकाने रात्री भरवस्तीतल्या घराला आग लावली आणि त्यात माणूस मेला. मारायचं त्याच्या मनात नव्हतं, कदाचित त्याला वाईटही वाटलं असेल. पण माणूस मरण्याचा संभव त्याला माहीत होता ना? मग मृत्यू त्याने 'व्हॉलंटरिली' घडवला. आमच्या आईचा कायदा याच्या जवळपास जायचा.

सगळ्यात चमत्कारिक शब्द मात्र 'डिसऑनेस्टली'. चोरीच्या व्याख्येत तो आहे. वाचणाऱ्याला वाटतं, बेइमानीने. पण संहितेत त्याचा अर्थ एवढाच की, एकाचा गैर लाभ किंवा दुसऱ्याचं गैर नुकसान करण्याच्या हेतूने. मन कसं होतं, तोंड लपवलं होतं का, याची विचारपूस नाही.

हे सारं आठवायचं कारण १९३० सालचा वऱ्हाड.

त्या एप्रिलमध्ये देशभर मिठाचा कायदा मोडणं चालू होतं. वऱ्हाडात समुद्र कुठला? पण पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा होता. अकोल्याजवळ दहिहांड्याच्या विहिरींचं खारं पाणी आटवून मीठ काढायचं ठरलं. ब्रिजलाल बियाणी त्यात पुढे होते. ज्या पाण्याने पिढ्यान्‌पिढ्या पोटं बिघडवली ते पहिल्यांदाच कुणाला तरी हवंसं झालं. पण विहिरी पुरणार किती! म्हणून मग जंगल सत्याग्रह निघाला. १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापलं. सहा महिन्यांची शिक्षा झाली. अणे स्वतः वकील, आपण काय करतोय हे त्यांना सरकारी वकिलाइतकंच माहीत होतं. २१ जुलैला यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. हेडगेवारांनी तेच केलं. त्यांना नऊ महिने झाले आणि ठेवलं अकोल्याच्या तुरुंगात. त्यातले सहा महिने कलम ११७ खाली, दहाहून जास्त लोकांना गुन्ह्याला प्रवृत्त केल्याबद्दल. आणि तीन महिने कलम ३७९ खाली.

३७९ म्हणजे चोरी.

दिवस, ठिकाण जाहीर करून, लोक जमवून, पोलिसांच्या डोळ्यांदेखत केलेली चोरी! आपल्या भाषेला हे पचत नाही. मराठीत 'चोरून' म्हणजेच लपून. चोरकप्पा, चोरपावलं, चोरून पाहणं, सगळीकडे लपवाछपवी. दंडसंहितेच्या चोरीला ती लागत नाही. उभं गवत जमिनीचा भाग, ते चोरता येत नाही. इळा चालला की ते जंगम मालमत्ता होतं आणि त्याच झटक्यात चोरीही होऊ शकते. व्याख्येखालच्या स्पष्टीकरणात हे लिहूनच ठेवलंय. त्यामुळे न्यायाधीश अक्षराला चुकले असं मला म्हणता येत नाही. मूठभर का होईना, सरकारचं गवत गेलं होतं. पण मराठी अनुवादात 'डिसऑनेस्टली'चं 'अप्रामाणिकपणे' झालं की तो शब्द कृतीवर न राहता माणसाला चिकटतो. इथे तर प्रामाणिकपणाच गुन्ह्याचा पुरावा होता.

गांधीजींनी आठ वर्षं आधीच नेमका शब्द उचलला होता. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादच्या खटल्यात त्यांनी सांगितलं की, कायदा ज्याला 'डेलिबरेट' गुन्हा म्हणतो ते मला नागरिकाचं सर्वोच्च कर्तव्य वाटतं. शब्द नाकारला नाही, अंगावर घेतला. शिक्षा सहा वर्षांची झाली. तिथे राजद्रोहाचं कलम होतं, निदान नाव तरी भारदस्त. वऱ्हाडातल्या गवत कापणाऱ्याच्या नशिबी चोरी आली.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. चोरी आता कलम ३०३ मध्ये आहे. 'डिसऑनेस्टली' आहे, आणि कापताक्षणी चोरीला जाणारं ते स्पष्टीकरणही व्याख्येखाली तसंच आहे.