दिवेआगरचा ताम्रपट आणि कोड्यांची उपपत्ती

कोकणकिनाऱ्यावरच्या दिवेआगरास येणारा आजचा प्रवासी बहुधा सुवर्णगणेशासाठी येतो, आणि त्यात वावगे काही नाही. १९९७ साली सुपारीच्या वाडीत जमिनीखालून निघालेल्या ताम्रपेटीतील तो सोन्याचा मुखवटा, २०१२ साली देवळावर पडलेला दरोडा, त्यात बळी पडलेले पहारेकरी आणि २०२१ साली झालेली पुनःस्थापना, ही हकिकतच अशी आहे की तिच्यापुढे गावाचा बाकीचा इतिहास फिका पडावा. तथापि, सकाळच्या वर्तमानपत्रातील शब्दकोडे सोडविल्याखेरीज ज्यांना चहा गोड लागत नाही, त्या माझ्यासारख्या व्यसनी मनुष्यास या गावाच्या सोन्यापेक्षा तांब्याची ओढ अधिक वाटते. कारण शिलाहारांच्या अमदानीतला, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा, मराठीत कोरलेला जो ताम्रपट दिवेआगरच्या नावाने विद्वज्जनांत प्रसिद्ध आहे, तो मराठीच्या अगदी पहिल्या दस्तऐवजांपैकी एक असून, कोडे म्हणजे काय आणि ते सोडविणे म्हणजे काय, या प्रश्नांचा विचार कोठून सुरू करावा असे कोणी विचारल्यास मी त्याचेच नाव सांगेन.

ताम्रपट लिहिणाऱ्याच्या मनात कोणास कोड्यात टाकण्याचा लेशमात्र हेतू नव्हता, हे प्रथमच सांगितले पाहिजे. तो व्यवहाराचा लेख आहे. त्यात गावच्या माणसांची नावे आहेत, आणि पुढे कोणी वहिवाटीविषयी वाद काढला तर पुरावा हाताशी असावा म्हणूनच असली लिखिते नाशवंत पानांऐवजी तांब्यावर उतरवीत. परंतु जे अकराव्या शतकातील शेजाऱ्यास लख्ख होते ते नऊशे वर्षांनी कूट होऊन बसले. शब्दाशब्दांत जागा सोडण्याची रीत नाही, तेव्हा एका शब्दाचा शेवट कोणता आणि दुसऱ्याचा आरंभ कोणता हे वाचणाऱ्याने ठरवावयाचे. विभक्तिप्रत्यय जुने, विशेषनामे अपरिचित, त्यात कोरणाऱ्याच्या छिन्नीचे प्रमाद निराळे. एका ठिकाणी पाडलेला पदच्छेद पुढील ओळीत अर्थाचा विचका करतो, आणि मग आडव्या शब्दाने उभ्या शब्दाचा घात केला असता कोडे सोडविणारा जसा आपलेच अक्षर खोडतो, तसे संशोधकासही मागे यावे लागते.

या कामातील शिस्त पाहावयाची तर शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा १९६३ साली पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केलेला ग्रंथ उघडावा. तेथे लेखाचे वाचन देऊन ग्रंथकार मोकळा होत नाही. अर्थ लावतो, टिपा देतो, आणि आपण अमुकच का वाचले याचा जाब वाचकास देतो. ज्याला वाटेल त्याने तो जाब तपासावा आणि पटला नाही तर खोडून काढावा.

असे खोडून काढण्याचे उत्तम उदाहरण याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या अक्षी गावी, घडले आहे. तेथील शिलालेखात कोकणाधिपती म्हणून केशिदेवाचे नाव आहे, आणि शकाचे आकडे तुळपुळ्यांनी ९३४ असे वाचले. त्यामुळे तो लेख इ. स. १०१२ चा, अर्थात दिवेआगरच्या ताम्रपटाहूनही जुना, ठरला. परंतु आकडे ११३२ आहेत असेही प्रतिपादन झाले, म्हणजे लेख एकदम दोन शतके अलीकडे आला. आता कोडे सोडविणारा या स्थळी काय करील? जी चौकट संशयित आहे तिला छेदून जाणारा शब्द पाहील. येथे तो शब्द संवत्सराच्या नावाचा. साठ संवत्सरांचे चक्र मागे फिरवीत नेले तर शके ९३४ ला परिधावी संवत्सर येतो, आणि तुळपुळ्यांच्या वाचनात त्या जागी ‘प्रधावी’ आहे. शके ११३२ ला मात्र प्रमोद येतो, म्हणून तो शक मानणाऱ्यास तेथे प्रमोदच वाचावा लागतो. दोन्ही नावांचा आरंभ ‘प्र’ने व्हावा, आणि केशिदेव नावाचे राजेही शिलाहारांत एकाहून अधिक व्हावेत, हा योगायोग कोणा खट्याळ कोडेकाराने मुद्दाम जुळवून आणल्यासारखा वाटतो. माझा कल तुळपुळ्यांकडे आहे. पण तो कल आहे, निकाल नव्हे.

हे चक्र मागे फिरविण्याची सामग्री ज्यांनी संशोधकांच्या हाती दिली त्यांत शंकर बाळकृष्ण दीक्षित अग्रगण्य होत. दापोलीनजीकच्या मुरुडास १८५३ साली जन्मलेल्या या शाळामास्तराने रॉबर्ट स्यूएल यांच्यासह १८९६ साली हिंदी कालगणनेवरील ग्रंथ सिद्ध केला, आणि तिथी, वार व संवत्सर यांचा परस्परांशी मेळ बसतो की नाही हे ताडून पाहण्याची सोय झाली. त्यांच्याआधी साडेतीन शतके, जंजिऱ्याच्या मुलखातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी भास्कराचार्यांच्या लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि मूळ ग्रंथात नुसत्या दिलेल्या रीतींच्या उपपत्ती तीत सांगितल्या. उत्तर बरोबर आले एवढ्याने ज्यांचे समाधान होत नाही, ते कसे आले हे सांगितल्यावाचून ज्यांना चैन पडत नाही, अशा माणसांची या किनाऱ्यास वाण नव्हती असे दिसते.

बुद्ध्या घातलेली कूटे आपल्याकडे किती जुनी आहेत हे सांगत बसण्याचे कारण नाही. दंडीने काव्यादर्शात प्रहेलिकांचे सोळा प्रकार वर्णिले. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लपविले, आणि त्या लिप्यांची किल्ली इतिहासाचार्य राजवाड्यांनी शोधून काढली. यांपैकी मला विशेष प्रिय आहे ती शब्दांनी अंक सुचविण्याची भूतसंख्येची रीत. भास्कराचार्य आपले जन्मवर्ष सांगताना रस, गुण, पूर्ण आणि मही असे चार शब्द योजतात. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही एक. अंकांची गती डावीकडे, म्हणून शके १०३६. यात लपविणे आहे, पण त्याबरोबर सापडण्याची हमीही आहे, कारण संकेत सर्वांस ठाऊक असून उत्तर एकच निघते.

विलायतेत हाच न्याय शब्दकोड्यास लागू होण्यास काही काळ जावा लागला. आर्थर विन याचे पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ पत्रात छापले गेले ते साध्या अर्थांचे होते. इंग्रजांनी त्यात श्लेष, उलटापालट आणि लपवाछपवी आणली, लंडनच्या ‘टाइम्स’ने १ फेब्रुवारी १९३० पासून आपले कोडे सुरू केले, आणि पुढे ‘झिमेनीझ’ हे टोपणनाव घेणाऱ्या मॅकनट यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात त्याची घटनाच लिहून काढली. तिचा सारांश असा की सूत्रात उत्तराचा सरळ अर्थ असावा, शब्दांची करामत असावी, आणि या दोहोंखेरीज अवांतर काही असू नये. वाचकास चकविण्याची मुभा कर्त्यास आहे, त्याच्याशी खोटे बोलण्याची नाही. मराठीत मासला द्यावयाचा तर: ‘काम उलटले की कणीस मिळते’, दोन अक्षरे, उत्तर मका. किंवा ‘सागरतीरी दीपांचा साठा’, पाच अक्षरे. दिवे आणि आगर जोडले की गाव हाती लागते.

मुंबई इलाख्यात मात्र शब्दकोड्याचे नाव गाजले ते निराळ्याच कारणाने. बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे येथे एवढे पेव फुटले की १९४८ साली सोडती व बक्षीस-स्पर्धा यांवर नियंत्रण घालणारा व कर बसविणारा कायदा करावा लागला. चमारबागवाला यांच्या कंपनीची कोडी म्हैसूर राज्यातील बंगळुरास छापल्या जाणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या पत्रातून मुंबईत येत. ती १९५२ च्या दुरुस्तीने कराच्या कक्षेत आली आणि प्रकरण न्यायासनापुढे गेले. मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली. सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी ती फेटाळली. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी निकालपत्रात ऋग्वेदातील द्यूतकाराच्या विलापापर्यंत मागे जाऊन असे ठरविले की जुगार हा घटनेने रक्षिलेला व्यापार नव्हेच. संयोजकांनी आधीच तयार करून ठेवलेल्या उत्तराशी ज्याचे उत्तर जुळेल त्याला बक्षीस, ही अट कायद्याच्या डोळ्यांत सलत होती.

कायद्याचा रोख योग्य होता. परंतु कोडेप्रेमी म्हणून एक पोटभेद करणे मला अगत्याचे वाटते. उत्तर आधीच तयार असणे हा दोष नव्हे. भास्कराचार्यांचे उत्तरही तयारच होते, आणि ‘टाइम्स’चेही असते. दोष येतो तो सूत्राला दोन शब्द सारखेच शोभत असता, त्यांपैकी एकच ग्राह्य का याची उपपत्ती कोणासही देता येत नाही तेव्हा. १९५५ च्या केंद्रीय कायद्याने महिन्याची बक्षिसे एक हजार रुपयांवर आणि प्रवेशिका दोन हजारांवर जाऊ नयेत अशी मर्यादा घातली, तेव्हा या धंद्याचा कणाच मोडला, आणि त्याचे मला दुःख नाही.

राहिले ते विनाबक्षिसाचे, रोजचे मराठी शब्दकोडे. त्याची घडण इंग्रजीहून अवघड आहे, कारण आपली चौकट वर्णाची नसून अक्षराची. ‘की’ या अक्षरात आडवा आणि उभा असे दोन्ही शब्द काना-मात्रेसह भेटावे लागतात, आणि जोडाक्षर आले की कोडेकाराची त्रेधा उडते. म्हणून ‘ऱ्हस्व-दीर्घाचा भेद धरलेला नाही’ अशी तळटीप देऊन पुष्कळदा सुटका करून घेतात. व्याकरणाचे अभिमानी तिच्यावर रागावतात. ज्याने स्वतः एकदा चौकटी आखून पाहिल्या आहेत तो रागावणार नाही. माझी तक्रार निराळी आहे. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाच्या कोड्याची भरलेली चौकट छापून येते, पण पाच आडवे असे का झाले, हे कोणी सांगत नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या जुन्या अंकांत एकेका अक्षराच्या वाचनावर पानेच्या पाने खर्ची पडलेली आढळतात. संपादकांनी त्यांतल्या चार ओळींइतकी जागा कोड्याखाली सोडली तरी मला पुरे आहे.